केवळावहिनींच्या भिंतीतला डबा

दिनकररावांच्या बैठकीत बसून ज्याला कधी ठसका लागला नाही, असा माणूस ताडकळसात धुंडूनही सापडायचा नाही. मी तर त्यांचा शेजारी. माझा ठसका त्या घराच्या वास्तुशांतीपासूनचा आहे.

त्याचं असं आहे की दिनकररावांनी बांधलेल्या त्या टोलेजंग घरात स्वयंपाक व्हायचा स्वयंपाकघरात आणि वाटण व्हायचं बैठकीत. टीव्हीच्या खाली टीपॉय, टीपॉयवर मिक्सर, मिक्सरात लाल मिरची आणि समोर सोफ्यावर पाहुणे. टीव्हीतला माणूस देशाचं काय होणार ते ओरडून सांगायचा, मिक्सर त्याच्यावर ओरडायचा, आणि दोघांच्या मधे केवळावहिनी पदर दातात धरून झाकण दाबून बसलेल्या. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावून विचारायचं, "मग, पाऊसपाणी कसं काय?" दिनकररावांनी डोळे पुसत सांगायचं, "चांगलं हाय."

घराचं वायरिंग चालू होतं तेव्हा दिनकरराव स्वतः खुर्ची टाकून बसले होते, हातात काठी. काठी भिंतीला लावायची आणि म्हणायचं, "इथं एक पॉईंट." बैठकीत चार पॉईंट झाले. एक टीव्हीला, एक मोबाइलला, एक पाहुण्याच्या मोबाइलला, आणि एक उगाच, भिंत रिकामी दिसते म्हणून. न्हाणीत एक, जो गीझर अजून विकत घ्यायचाय त्याच्यासाठी. गच्चीच्या जिन्यात एक. तिथं आजवर पाल सोडून कुणी काही लावलेलं नाही. आणि स्वयंपाकघरात? स्वयंपाकघरात एक दिवा आणि त्याचं बटन. बाईमाणसाला अंधारात दिसत नाही एवढं त्यांच्या ध्यानात आलं, हीसुद्धा मेहेरबानीच म्हणायची.

आता केवळावहिनी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल ठसका लावणारी कुणीतरी साधी बाई असेल.

त्यांचं माहेर जवळच्याच खेड्यातलं. बापाला थोडी कोरडवाहू जमीन आणि दावणीला शेळ्या. वहिनी शाळेत गेल्या नाहीत, शेळ्यांमागं गेल्या. दिनकररावांसाठी पोरगी बघायला आम्ही गेलो होतो, तेव्हा मीही बैलगाडीत होतो. वहिनी पोह्यांचं ताट घेऊन आल्या, पाटावर बसल्या, दिनकररावांच्या वडिलांनी नाव विचारलं. एवढ्यात मागं दावणीवर शेळी असं ओरडली की सगळे दचकले. वहिनी उठल्या आणि सरळ गोठ्यात. शेळी अडली होती. आम्ही सगळे कुडाच्या फटीतून बघतोय, आणि ही पोरगी बाह्या सारून करडाचे पाय धरून ओढायलीय. करडू बाहेर आलं, तिनं त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, हात धुतले आणि परत येऊन पाटावर बसून विचारलं, "कुठवर आलं होतं बोलणं?"

दिनकररावांच्या वडिलांनी जागेवर सुपारी फोडली. नवरदेवाचं मत कुणी विचारलं नाही, कारण नवरदेव तेव्हा गोठ्याच्या खांबाला धरून खाली बसले होते आणि कुणीतरी त्यांना कांदा हुंगवत होतं.

तर अशी ही बाई. तिच्या हाताला आईकडून एक विद्या आली, ती म्हणजे येसर. आपल्याकडं लग्नाच्या पंगतीत जी येसराची आमटी वाढतात, तिचं पीठ. धान्य आणि डाळी भाजायच्या, धणे-मिरची-मसाला भाजायचा, सगळं दळायचं. ऐकायला सोपं. पण भाजणी एवढीशी पुढं गेली की आमटी कडू, मागं राहिली की कच्ची. केवळावहिनींचं येसर असं की पंगतीत माणूस भात मागायचं विसरतो. पूर्णा, परभणीपर्यंतच्या लग्नघरचे लोक येतात. आधी मंगल कार्यालय ठरवतात, मग वहिनींचं येसर, आणि मग वेळ उरला तर नवरी.

पूर्वी त्या हे सगळं जात्यावर दळायच्या. चक्कीत द्यायला तयार नव्हत्या. म्हणायच्या, "चक्कीत आदी कुणाची हळद दळलेली असती, माझं येसर पिवळं पडतंय." मग एकदा पावसाळ्यात विहिरीजवळ घसरून पडल्या. उजवा खांदा जो गेला तो गेला. हात छातीच्या वर उचलेना, जात्याचा खुंटा ओढवेना. तेव्हा येसराच्याच पैशातून त्यांनी मिक्सर घेतला. दिनकररावांनी त्याला विरोध केला नाही. उलट आलेल्या-गेलेल्याला सांगितलं, "मीच घेऊन दिलाय."

असं सगळं ठसक्यांसह सुरळीत चाललं होतं. आणि मग सेलूचे व्याही आले.

व्याही म्हणजे त्यांच्या मुलाचे, भागवतचे सासरे. कापसाच्या बाजारातले मोठे असामी, अंगावर पांढरंफेक धोतर, डोक्यावर कडक टोपी. ते आले त्या दिवशी वहिनींच्या एका लग्नाच्या ऑर्डरीचा शेवटचा घाणा मिक्सरमध्ये होता. बैठकीत दुसरी जागा नव्हती, थांबायला वेळ नव्हता. वहिनी म्हणाल्या, "दादा, तुमी बसा, एवढं फिरवून घेते." दिनकररावांनी पाहुण्याला उकडू नये म्हणून छताचा पंखा पाचवर केला. वहिनींनी झाकण काढलं.

पुढचं मी काय सांगू? पंख्यानं आपलं काम चोख केलं. व्याही आधी शिंकले, मग खोकले, मग टोपी काढून तोंडाला लावली आणि टोपीच्या आतून "पाणी, पाणी" असा आवाज यायला लागला. धोतर बाहेर पडलं तेव्हा पांढरं नव्हतं. मी खोकत होतो, पण मनातून मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. व्याह्यांनी मागल्या वर्षी माझ्या कापसाला भिजका म्हणून नाव ठेवलं होतं.

व्याही गेले आणि दिनकररावांनी फर्मान काढलं.

"उद्यापासून बैठकीत मिक्सर दिसला न्हाई पायजे. माझी इज्जत गेली."

"मग कुठं लावू?" वहिनी म्हणाल्या.

"ते तुमचं तुमी बघा."

"सैपाकघरात एक पॉईंट काढून द्या. मी परत तुमच्या बैठकीत पाय ठिवत न्हाई."

"भिंत झालेली हाय आता. फिनिशिंग झालंय. खिळखिळी व्हईल."

"एवढ्याशा डब्यानं?"

"धरणाला बी आदी एवढंच भोक पडतंय."

म्हणजे बैठक बंद, न्हाणीत ओल, जिन्यातला पॉईंट डोक्याच्या वर, स्वयंपाकघरात पॉईंट नाही आणि खांदा उचलत नाही. थोडक्यात, येसर बंद. लग्नसराई तोंडावर आली होती आणि दोन लग्नघरं वहिनींच्या शब्दावर निर्धास्त होती. वहिनींनी आयुष्यात शब्द मोडलेला मी पाहिला नाही. दिला नसेल, पण मोडला नाही.

त्यांनी आधी साधा उपाय केला. बैठकीतल्या पॉईंटला लांब एक्स्टेंशन लावलं आणि तार दारातून स्वयंपाकघरात नेली. दिनकरराव पेपर वाचत आत आले, तारेत पाय अडकला आणि देशाच्या बातम्यांसकट आडवे झाले. एक्स्टेंशन जप्त. बैठकीच्या त्या पॉईंटवर त्यांनी गणपतीचा लायटिंगचा फोटो लावून टाकला, म्हणजे पुन्हा कुणी हात लावायला नको.

मग वहिनींनी रोज एकदा विषय काढायचा आणि दिनकररावांनी रोज नवं कारण काढायचं असा दस्तूर सुरू झाला. टाइलीचं डिझाइन बिघडतं, हे एक. त्या टाइलींवर सफरचंद, द्राक्षं आणि एका किटलीचं चित्र आहे; ज्या घरात सफरचंद फक्त सलाइन लावल्यावर येतं, त्या घरातल्या सफरचंदांची काळजी करायलाच हवी. मीटरवर लोड येतो, हेही झालं. हे बोलताना त्यांच्या बैठकीत भरदुपारी दोन ट्यूब जळत होत्या. मग अधिक महिना लागला, मग तो संपला, मग त्यांनी ठेवणीतला बाण काढला.

"वास्तुशांत झालेल्या भितीला छिन्नी लावत नसतेत. दोष लागतोय."

मी म्हणालो, "दिनकर, वास्तुशांत काय फक्त सैपाकघराचीच केलती का? मागच्या साली बैठकीत अजून न घेतलेल्या एसीसाठी एवढं भगदाड पाडलंस की."

"ते वायव्येला हाय."

"मग?"

"वायव्येला चालतंय. सैपाकघर आग्नेय. आग्नेयेला वास्तुपुरुष हाय. तिथं ठोकाठोकी नको."

आता हे खरं की वास्तुशांतीत बोटभर तांब्याची प्रतिमा शेवाळ आणि धान्याच्या दाण्यांसकट घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. जमिनीत खड्डा करून, पालथी. घराचा राखणदार. दिनकररावांच्या घरात तो कोपरा स्वयंपाकघरात ओट्याशेजारी येतो. दर सणाला वहिनी त्या कोपऱ्यात फरशीवर पाणी फिरवून नैवेद्याचं पान ठेवतात, आणि दिनकरराव मागं उभे राहून हात जोडतात. पण राखणदार फरशीखाली आणि पॉईंट हवा भिंतीत कंबरेच्या उंचीवर. एवढ्यानं त्याची झोप मोडेल असं मला तरी वाटत नव्हतं. मी तसं म्हणालो तर दिनकरराव एकदम भडकले. "तुला काय कळतंय ग्यानबा? तू सातवीत दोनदा बसलास!" तेही दोनदाच बसले होते, माझ्याच बाकावर.

मग एक दिवस दिनकरराव सोयऱ्यात तेराव्याला म्हणून पाथरीला गेले. जीप वळणाआड गेली, आणि वहिनींनी कुंपणावरून हाक मारली.

"भावजी, या इकडं. चहा ठिवलाय."

"आत्ताच झाला की."

"चहा निमित्त हो. मला एक माणूस पायजे बसायला. उद्या मनतील, म्हातारीनं भित पाडली. तुमी बघितलं असलं की बरं."

मी गेलो. अशा बोलावण्याला मी कधी नाही म्हणत नाही.

थोड्या वेळानं दारात स्कूटी थांबली आणि एक पोरगी उतरली. जीन्स, अंगात खाकी शर्ट, पाठीवर हत्यारांची पिशवी. संघप्रिया तिचं नाव, पूर्ण्याची. आयटीआयला वायरमनचा ट्रेड करून तिनं स्वतःचं काम सुरू केलंय. बोलायला इतकी तिखट की मला वाटलं येसरासाठी वेगळी मिरची घ्यायची गरज नाही.

मी विचारलं, "बाई, तुला जमंल ना? कटर चालवायचंय."

"बाबा, तुमी चहा प्या. गार व्हायलाय."

आधी ती पडवीतल्या मोठ्या बोर्डाकडं गेली. त्यातली छोटी छोटी बटनं एकेक खाली करायची आणि ओरडायचं, "मावशी, काय गेलं?"

"पंखा गेला!"

"आता?"

"टीव्ही गेला!"

"आता?"

"काय बी न्हाई गेलं."

संघप्रियानं ते बटन पुन्हा वर केलं, पुन्हा खाली केलं. "आता?"

"न्हाई गं माय, सगळं चालू हाय."

"मग हे कशाचं?" तिनं टेस्टर लावून पाहिलं. "मावशी, ह्या बटनावरून चांगली जाड तार निघालीय, करंट हाय, पाईप सैपाकघराकडं गेलाय. आन् सैपाकघरात तर एक दिवाच हाय, त्याचं बटन निराळं. ही तार जातीय कुठं?"

मी म्हणालो, "दिनकररावांची तार कुठं जाते हे त्यांच्या आईलाही कळलं नाही."

ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याच्या वरच्या टाइलींवर बोटांनी टकटक करत चालली. टक, टक, टक, आणि कोपऱ्याजवळच्या सफरचंदावर ढब. पुन्हा मागं टक, पुढं ढब.

"पोकळ हाय. इथं डबा हायच, मावशी. बसवलेला. वर टाईल लावून बुजवलाय."

"डबा हाय?" वहिनी पाहतच राहिल्या. "आन् मला हे सांगायलेत भित खिळखिळी हुतीय!"

"नव्यानं खांदायची गरजच न्हाई. टाईल कापते, डबा साफ करते, प्लग बसवते. झालं."

तिनं मेन स्वीच बंद केला, टेस्टरनं दोनदा खात्री करून घेतली, आणि बॅटरीवरचं कटर काढलं. टाइलीच्या चारी कडांनी कटर फिरलं, पांढरा धुराळा उडाला. मी पुन्हा खोकलो. मग तिनं पातळ छिन्नी घालून हलकेच उचकलं आणि सफरचंद अलगद निघून आलं. मागं सिमेंटचा पातळ थर. तो तिनं ठोकला, तो ढासळला, आणि आत पत्र्याचा डबा दिसला.

संघप्रियानं मोबाइलचा उजेड आत टाकला आणि एकदम हात मागं घेतला.

"मावशी... हे काय हाय? लाल कापडात."

वहिनी पुढं झाल्या. लाल कापडाची चिंधी, वाळून काळं पडलेलं शेवाळ, चार-सहा दाणे, आणि त्यात बोटभर तांब्याची प्रतिमा. पालथी. तिच्या डोक्याशी दोन तारांची तोंडं, वर काळी टेप गुंडाळलेली.

संघप्रिया म्हणाली, "देव हाय का हा? आन् करंटच्या डब्यात? ही लाईन चालू होती की आत्तापर्यंत! शेवाळ ओलं असतं, टेप निघाली असती, तर अख्ख्या डब्यात करंट आला असता."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. म्हणजे वास्तुपुरुष फरशीखाली नव्हताच. तो भिंतीत होता, पत्र्याच्या डब्यात, स्वतंत्र लाईनवर. घरातल्या बाईला मिक्सरपुरती वीज नाही, पण घराच्या राखणदाराला पॉवर पॉईंट! दिनकररावांच्या भक्तीला तोड नाही.

वहिनींनी हात धुतले, प्रतिमा उचलली, पदरानं पुसली आणि स्टीलच्या ताटलीत ठेवली. उताणी. मग ओट्याजवळच्या फरशीच्या त्या कोपऱ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत.

एवढ्यात बाहेर जीपचा आवाज आला. तेराव्याचं जेवण लवकर उरकलं होतं. दिनकरराव फुकटच्या पंगतीला कधी उशीर करत नाहीत आणि नंतर थांबतही नाहीत. आत आले, धुराळा पाहिला, पोरगी पाहिली, भोक पाहिलं.

"हे काय चालायलंय?"

"या," वहिनी म्हणाल्या. "तुमचीच वाट बघायलेत."

"कोण?"

वहिनींनी ताटलीकडं बोट केलं.

दिनकररावांचा चेहरा असा झाला की मी खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. त्या गोठ्यातल्या खांबानंतर त्यांना असं पांढरं पडलेलं मी आजच पाहत होतो.

"गवंड्यानं ठिवला असंल," ते म्हणाले.

"गवंड्याला मंत्र येतेत?"

"मग गुरुजींनी..."

"दिनकर," मी म्हणालो, "बस आधी."

बसले. मग एकेक शब्द बाहेर यायला लागला. स्वयंपाकघरात पॉईंट होता. वायरमननं स्वतःच्या अकलेनं काढला होता. वास्तुशांतीच्या दिवशी फरशी नवीकोरी बसलेली, मोठ्या चकचकीत फरशा, परभणीच्या दुकानातल्या शेवटच्या पेटीतल्या. गुरुजी म्हणाले आग्नेयेला खड्डा करा. दिनकररावांच्या जिवाचं पाणी झालं.

"मी मनलं, गुरुजी, भितीत चालंल का? त्यांना अजून दोन घरं होती. ते मनले, आग्नेय सोडू नका, आन् पुरायचं माझ्यावर टाकून गेले. भितीत डबा आयताच होता. मनलं, ह्यातच ठिवून बुजवून टाकावं. बाई काय, दिव्यावर भागवतीय."

"फरशी वाचवली तुमी," वहिनी म्हणाल्या.

"कोरी होती अगं..."

"दसरा झाला, दिवाळी झाली, पाडवे झाले. दर सणाला मी ह्या फरशीवर वाकून नैवेद्य ठिवला. खांदा मोडला तवा डाव्या हातानं ठिवला. पुरणपोळीचा पहिला तुकडा ह्याच्या नावाचा. तुमी मागं हुभे. तुमाला ठाऊक होतं खाली कुणी न्हाई." त्या थांबल्या. "मुंग्यांना का मनून हात जोडायलात वो तुमी?"

दिनकररावांनी फरशीवरचा धुराळा पायानं बाजूला सारला. माझ्याकडं एक उत्तर होतं, पण चहाचा कप तोंडाला लावून मी ते गिळलं.

पण दिनकरराव म्हणजे दिनकरराव. दोन घोट पाणी प्याले आणि सावरले. "बरं. झालं ते झालं. आता देव जिथून काढला तिथंच परत ठिवा आन् टाईल चिटकवा. इतकी वर्षं काय वंगाळ झालं का आपलं? देवाच्या जागी का मिक्सर लावता? पाप लागंल."

वहिनींचा चेहरा उतरला. बाकी कशालाही त्या भांडल्या असत्या; पण देवाची जागा म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी मिक्सरकडं पाहिलं, मग भोकाकडं. मला वाटलं, संपलं. बाई स्वतःहून टाइल उचलून देणार आणि लग्नघरच्या लोकांना नाही म्हणून सांगणार.

संघप्रिया म्हणाली, "मी तर ह्यात देव बुजवत न्हाई. चालू लाईनच्या डब्यात तांबं ठिवायचं मला शिकवलं न्हाई."

"तार काढून टाक मग."

"काढते. पण मावशीनं बोलवलंय मला. त्या सांगू द्या."

वहिनींनी ताटलीतल्या देवाला हात जोडले. मग म्हणाल्या, "गुरुजींना फोन लावा. ते मनतील भितीत, तर भितीत. मी परत मिक्सरचं नाव काढत न्हाई."

दिनकररावांनी उत्साहानं फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू. त्यांनी सगळी हकीकत अशी सांगितली, की जणू वास्तुपुरुषानंच भिंतीत राहण्याचा हट्ट धरला होता.

पलीकडून गुरुजी म्हणाले, "भिंतीत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच की! आग्नेय सोडू नका मनले."

"दिशा सोडू नका म्हणालो, यजमान. जमीन सोडा असं म्हणालो का? वास्तुपुरुष जमिनीत असतो. फरशी काढा, खड्डा करा, मी येऊन विधी करतो."

"दुसरा काही उपाय, गुरुजी? अभिषेक? अन्नदान?"

"आहे ना."

"सांगा!"

"फरशी काढा."

वहिनींनी फोनजवळ तोंड नेलं. "गुरुजी, मी केवळाबाई. भितीतल्या त्या रिकाम्या जागी मिक्सरचा पॉईंट घेतला तर चालंल का? देव होता तिथं..."

"बाई, आग्नेय ही अग्नीची दिशा. चूल तिथं, वीजही तिथंच असावी. खुशाल लावा. आणि येसर झालं की इकडंही थोडं पाठवा."

फोन ठेवला. वहिनी संघप्रियाला म्हणाल्या, "लाव माय."

संघप्रियानं डबा घासून साफ केला, जुन्या तारांची तोंडं नव्यानं सोलली, अर्थिंगची तार जोडली, वर प्लेट कसली. निघालेलं सफरचंद तिनं मोजून कापलं आणि प्लगच्या भोवती बसवलं. आता त्या भिंतीवर पाऊण सफरचंद आहे आणि त्याला तीन भोकं आहेत. मग ती कटर घेऊन दिनकररावांकडं वळली.

"बाबा, फरशी बी काढून देऊ का? हत्यार हातात हाय."

दिनकरराव म्हणाले, "सावकाश. अखंड निघाली पायजे."

कडा कापून झाल्या, छिन्नी घातली, आणि फरशी तीन तुकड्यांत निघाली. प्रत्येक तुकड्याला दिनकररावांच्या तोंडून एकेक "अरे देवा" निघाला. देव शेजारीच ताटलीत होता.

गुरुजी आले, विधी झाला. वहिनींनी नैवेद्य ठेवला, आणि ठेवण्याआधी खड्ड्यात वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलं. पुढं परभणीच्या सगळ्या दुकानांत चौकशी झाली, पण तसली फरशी आता निघत नाही. तिथं काळी शहाबादी बसवली. पांढऱ्या चकचकीत खोलीत एक काळा चौकोन. पाहुणे विचारतात, तेव्हा दिनकरराव घसा खाकरून सांगतात, "वास्तुशास्त्रात मुद्दाम अशी ठिवतेत. लोकांना म्हाईत नसतंय." सेलूच्या व्याह्यांनी तर आपल्या नव्या बंगल्यात तशीच काळी फरशी बसवून घेतली म्हणे. मी काही बोललो नाही. कापसाचं अजून माझ्या लक्षात आहे.

शहाबादी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी येसराचा वास आला म्हणून डोकावलो. भाजणी तयार होती, पातेल्यावर फडकं. पहिल्या लग्नघरचा माणूस दुपारी यायचा होता. वहिनी मिक्सरची वायर हातात घेऊन प्लगपुढं उभ्या होत्या. प्लगमध्ये आधीच एक चार्जर होता आणि ओट्यावर दिनकररावांचा मोबाइल.

"हे काय?" वहिनींनी हाक मारली.

दिनकरराव दाढीचा साबण घेऊन दारात आले. "अगं, बैठकीतल्या पॉईंटपेक्षा हितं लवकर चार्ज व्हायलाय. लाईन चांगली हाय ही. जाड तार हाय."

वहिनींनी चार्जर उपटला, त्याची वायर मोबाइलला व्यवस्थित गुंडाळली आणि दोन्ही त्यांच्या साबणाच्या हातात ठेवलं.

"अगं पण माझं ऐक, दिवसातून घंटाभर जर मला..."

वहिनींनी भांड्यात येसर ओतलं, झाकण लावलं आणि बटन दाबलं. दिनकरराव बोलत होते, ओठ हलताना दिसत होते, गालावरचा फेस वाळत होता. वहिनींनी डाव्या तळहातानं झाकण दाबून धरलं, त्यांच्याकडं पाहून दोनदा मान डोलावली, आणि मिक्सर थांबताच दुसरा घाणा भरला.